चपटे कृमी: एका पोशिंद्याकडून दुसऱ्याकडे

नदीतला किंवा तळ्यातला मासा साफ करताना कधीकधी त्याच्या परांवर, शेपटीजवळ, खवल्यांच्या खाली मिलिमीटरभर आकाराचे काळे ठिपके दिसतात. बोटाने घासले तरी ते जात नाहीत. सुरीच्या टोकाने एखादा ठिपका अलगद उकरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की काळ्या रंगाच्या आत एक पारदर्शक पुटी दिसते आणि पुटीत अंग दुमडून बसलेला एक जीव. काळा रंग त्या जिवाचा नसतो, माशाचा असतो. त्वचेत घुसलेल्या परक्याभोवती माशाने रंगद्रव्याच्या पेशींचं कुंपण घातलेलं असतं.

आतला जीव जिवंत असतो आणि वाट बघत असतो. माशात येण्याआधी तो एका गोगलगायीत होता. आता हा मासा एखाद्या पक्ष्याने गिळला, तरच त्याचं पुढचं आयुष्य सुरू होणार. पक्ष्याच्या आतड्यात पोचल्याशिवाय तो प्रौढ होत नाही, अंडी घालत नाही. ती अंडी पक्ष्याच्या विष्ठेतून पुन्हा पाण्यात पडतात आणि पुन्हा गोगलगायीपासून सुरुवात होते.

परजीवी चपट्या कृमींबद्दल जे लिहिलं जातं, ते बरेचदा ‘केवढा लांब, केवढा किळसवाणा’ इथेच थांबतं. मला ते अपुरं वाटतं. हे कृमी समजून घ्यायचे तर त्यांची वाट बघावी लागते: कुठून निघतात, कुणाकुणाच्या अंगातून जातात, कुठे पोचतात. रोग का होतो, कसा टळतो, औषध घेऊनही तो परत का येतो, हे सगळं त्या वाटेवरून कळतं.

शरीर चपटं का?

प्लॅटिहेल्मिन्थिस, म्हणजे चपटे कृमी, या संघातल्या प्राण्यांना हृदय नसतं, रक्त नसतं, कल्ले किंवा फुप्फुसंही नसतात. प्राणवायू त्वचेतून झिरपत आत जातो. त्यामुळे शरीरातली प्रत्येक पेशी पृष्ठभागाच्या जवळ असणं भाग आहे. लांबी वाढली, रुंदी वाढली तरी चालतं, जाडी वाढून चालत नाही. आतडं असलंच तर त्याला एकच दार असतं. न पचलेलं त्याच वाटेने बाहेर पडतं. बहुतेक जाती उभयलिंगी आहेत, म्हणजे एकाच कृमीत नर आणि मादी दोघांचे अवयव असतात.

सगळे चपटे कृमी परजीवी नसतात. ओढ्यातल्या दगडाखाली राहणारा प्लॅनेरिया स्वतंत्र जगतो, आणि त्याचे तुकडे केले तर तुकड्या-तुकड्यातून नवा प्लॅनेरिया तयार होतो. परजीवी मात्र मुख्यतः तीन गटांत मोडतात. माशांच्या कल्ल्यांवर आणि त्वचेवर राहणारे मोनोजेनिया. गोगलगायीतून पुढे जाणारे पर्णाभ कृमी, ज्यांना सर्रास फ्लूक म्हटलं जातं. आणि आतड्यात राहणारे पट्टकृमी. या तिन्हींचा पूर्वज एकच होता, आणि त्याच्याकडून त्यांना एक विलक्षण गोष्ट मिळाली आहे. पोशिंद्याला, म्हणजे ज्याच्या अंगावर किंवा अंगात राहायचं त्या जिवाला, गाठलं की अळी आपली केसाळ कातडी टाकून देते आणि नवं आवरण धारण करते. या आवरणात पेशी-पेशींमध्ये भिंती नसतात. सगळं एकसलग, जिवंत. कृमी त्यातून अन्न शोषतो, पाचकरसांपासून वाचतो, पोशिंद्याच्या प्रतिकारशक्तीला तोंड देतो. पट्टकृमीला तर तोंडही नसतं आणि आतडंही नसतं. जे काही घ्यायचं ते या आवरणातूनच.

एकाच माशावर संपणारी वाट

मोनोजेनियांची वाट सगळ्यात सरळ आहे: मासा ते मासा, मधे कुणीही नाही. मागच्या टोकाला आकड्यांनी भरलेली पकड असते आणि तिच्या जोरावर कृमी कल्ल्याला किंवा त्वचेला घट्ट धरून राहतो.

यातला गायरोडॅक्टायलस जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. पकडीला मधे दोन मोठे आकडे आणि कडेने सोळा बारीक आकडे. तो अंडी घालत नाही, थेट पिल्लाला जन्म देतो. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर आईच्या पोटात जवळजवळ तिच्याएवढंच पिल्लू दिसतं, आणि नीट पाहिलं तर त्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू आकार घेत असतं. डबीत डबी असावी तशा दोन-तीन पिढ्या एकाच शरीरात. त्यामुळे माशावर एकच कृमी आला तरी काही दिवसांत त्याचे शेकडो होऊ शकतात.

याचं मोल नॉर्वेने दिलं. १९७० च्या दशकात स्वीडनहून आणलेल्या जिवंत माशांबरोबर गायरोडॅक्टायलस सॅलॅरिस ही जात तिथे पोचली. बाल्टिक समुद्राकडच्या काही सॅल्मनांची या कृमीशी जुनी ओळख असल्यामुळे ते त्याला बऱ्यापैकी तोंड देतात. नॉर्वेच्या नद्यांमध्ये चढणाऱ्या अटलांटिक सॅल्मनची अशी ओळखच नव्हती. कृमी सुमारे पन्नास नद्यांमध्ये पसरला आणि त्या नद्यांतली सॅल्मनची पिल्लं मोठ्या प्रमाणावर मेली. उपाय म्हणून जो मार्ग निवडला गेला तो वाचून आजही वाईट वाटतं: रोटेनोन हे विष नदीत सोडून सगळे मासे मारायचे, कारण मासा नसेल तर कृमी टिकत नाही, आणि मग आधी बाजूला जपून ठेवलेल्या त्याच नदीच्या वाणाचे मासे पुन्हा सोडायचे. तो कठोर होता, पण बऱ्याच नद्या त्यामुळे कृमिमुक्त झाल्या. हे शक्य झालं त्याचं कारण या कृमीची वाट. मधे गोगलगाय नाही, पक्षी नाही, चिखलात दडून राहणारं अंडं नाही. मासा काढला की साखळी संपली.

डॅक्टायलोगायरस हा त्याचा भाऊबंद कल्ल्यांवर राहतो, पण तो अंडी घालतो. हा फरक ज्यांनी काचेच्या टाकीत मासे पाळले आहेत त्यांच्या फार कामाचा आहे. मासा भराभर कल्ले हलवतो, अंग दगडांवर घासतो, पृष्ठभागाशी येऊन श्वास घेतो. आपण औषध घालतो, मासा सुधारतो आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. औषधाने प्रौढ कृमी मेलेले असतात, अंडी मात्र शाबूत राहिलेली असतात. म्हणून ती फुटायला वेळ देऊन दुसऱ्यांदा औषध द्यावं लागतं.

याच गटातल्या आणखी एका कृमीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. डिप्लोझून हा गोड्या पाण्यातल्या माशांच्या कल्ल्यांवर राहतो. त्याची अळी एकटी असेपर्यंत प्रौढ होत नाही. दुसरी अळी भेटली की दोघी एकमेकींना पकडतात आणि मग त्यांची शरीरं खरोखरच एकमेकांत मिसळून जातात. तिथून पुढे आयुष्यभर ते दोघं इंग्रजी एक्स अक्षराच्या आकारात जोडलेले राहतात, एकाची शुक्रवाहिनी दुसऱ्याच्या मादी-अवयवात कायमची उघडलेली. वेगळं होणं नाही.

गोगलगाय: खरा कारखाना इथे आहे

पर्णाभ कृमींची वाट लांब आहे आणि तिचा पहिला मुक्काम जवळजवळ नेहमी एखाद्या गोगलगायीत किंवा तिच्यासारख्या मृदुकाय प्राण्यात असतो. अंड्यातून केसाळ अळी बाहेर पडते. तिच्याकडे साधारण एका दिवसाचाच वेळ असतो. त्या वेळात योग्य जातीची गोगलगाय सापडली नाही तर ती मरते. काही जातींत गोगलगायच अंडं खाते आणि हा शोध वाचतो.

गोगलगायीच्या आत गेल्यावर अळीचं रूप बदलतं आणि ती नर-मादीशिवायच वाढत जाते. एका अळीपासून अनेक पिशव्या, पिशव्यांमधून आणखी अळ्या. गोगलगायीची प्रजननग्रंथी यात खाऊन संपते. गोगलगाय जगते, खाते, फिरते, पण स्वतःची पिल्लं काढू शकत नाही. तिचं शरीर आता कृमीची संतती वाढवतं. शेवटी सर्केरिया नावाच्या शेपटीवाल्या अळ्या तयार होऊन पाण्यात सुटतात.

हे डोळ्यांनी पाहता येतं. तळ्यातली गोगलगाय काचेच्या छोट्या भांड्यात स्वच्छ पाण्यात ठेवायची, काही वेळ अंधारात आणि मग दिव्याखाली. अनेक जातींच्या सर्केरिया उजेड पडला की बाहेर पडतात. गोगलगाय लागण झालेली असेल तर थोड्या वेळाने पाणी किंचित गढुळल्यासारखं दिसतं. भांड्यामागे काळा कागद धरला की तो गढूळपणा हलतोय हे लक्षात येतं: शेकडो पांढरे कण, प्रत्येकाला दुभंगलेली किंवा सरळ शेपटी, वळवळत वर चढणारे आणि थांबले की पुन्हा खाली बुडणारे. एका गोगलगायीतून एका दिवसात हजारो सर्केरिया निघू शकतात आणि हे महिनोन्‌महिने चालतं. मात्र अशा पाण्यात उघडा हात घालू नये. त्यातल्या काही जाती माणसाच्या त्वचेतून आत शिरतात.

एकाच गोगलगायीत दोन जातींचे कृमी शिरले तर जागेसाठी लढाई होते. कॅलिफोर्नियाच्या खाडीतल्या शिंग-गोगलगायीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की हिमास्थला नावाच्या कृमीच्या वसाहतीत चक्क सैनिक असतात. आकाराने लहान, तोंड मोठं, चपळ, आणि स्वतः प्रजनन न करणारे. दुसऱ्या जातीचा कृमी दिसला की ते त्याच्यावर तुटून पडतात. मुंग्यांमध्ये आणि वाळवीमध्ये जी श्रमविभागणी आपण बघतो ती या चपट्या जिवांतही आहे, आणि तीही गोगलगायीच्या पोटात. मला हा या विषयातला सर्वांत थक्क करणारा शोध वाटतो.

दुसऱ्याच्या मेंदूवर, दुसऱ्याच्या डोळ्यात

सर्केरिया पुढे कुठे जाते हे जातीनुसार ठरतं. मेंढ्यांच्या यकृतात राहणाऱ्या फॅसिओला हेपॅटिकाची सर्केरिया पाण्यातल्या किंवा ओलसर जागेतल्या गवतावर चिकटून पुटी बनवते आणि चरणारं जनावर तिला खातं. ही वाट १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत रुडॉल्फ लॉयकार्ट आणि इंग्लंडमध्ये ए. पी. थॉमस या दोघांनी स्वतंत्रपणे शोधली. एखाद्या पर्णाभ कृमीची संपूर्ण जीवनसाखळी उलगडण्याची ती पहिली वेळ होती.

अनेक जातींना मात्र मधे आणखी एक पोशिंदा लागतो, बहुधा मासा. डिप्लोस्टोममची सर्केरिया माशाच्या त्वचेतून शिरते, शेपटी टाकते आणि दिवसभरात डोळ्याच्या भिंगापर्यंत पोचते. जागा अचूक निवडलेली आहे. भिंगाला रक्तपुरवठा नसतो, म्हणजे माशाच्या प्रतिकारशक्तीचा हात तिथे पोचत नाही. अळ्या वाढल्या की भिंग पांढुरकं होतं, माशाला मोतीबिंदू होतो. नीट न दिसणारा मासा पृष्ठभागाजवळ रेंगाळतो आणि कुरव पक्ष्यांच्या चोचीत सापडतो. डिप्लोस्टोममला नेमका असाच मासे खाणारा पक्षी हवा असतो.

युहॅप्लॉर्किस कॅलिफॉर्निएन्सिस त्याच्याही पुढे जातो. तो खाडीतल्या किलिफिश माशाच्या कल्ल्यांतून शिरतो आणि मेंदूच्या पृष्ठभागावर पुटी बनवून बसतो. एकेका माशाच्या मेंदूवर शेकडो, कधी हजारो पुट्या असतात आणि तरीही मासा वरवर धडधाकट दिसतो. फरक वागण्यात पडतो. केव्हिन लॅफर्टी आणि किमो मॉरिस यांनी १९९६ मध्ये निरीक्षणं प्रसिद्ध केली: लागण झालेले मासे पृष्ठभागाशी येणं, कुशीवर वळून पोट चमकवणं, अंग झटकणं अशा लक्ष वेधणाऱ्या हालचाली निरोगी माशांच्या चौपट करत होते. मग त्यांनी दोन्ही प्रकारचे मासे पक्ष्यांना उपलब्ध करून दिले. लागण झालेले मासे खाल्ले जाण्याचं प्रमाण दहा ते तीस पट निघालं.

जमिनीवरही हेच घडतं. डायक्रोसीलियम हा कृमी गोगलगायीच्या श्लेष्माच्या गोळीतून मुंगीच्या पोटात जातो. गेलेल्यांपैकी बहुतेक तिच्या पोटातच पुटी करून राहतात, एखादा मात्र तिच्या मज्जागुच्छाशी, म्हणजे चेतापेशींच्या गाठीशी, जाऊन बसतो. संध्याकाळी हवा गार झाली की ही मुंगी वारुळाकडे न जाता गवताच्या टोकावर चढते, जबड्याने पातं घट्ट पकडते आणि रात्रभर तशीच राहते. मेंढी हा या कृमीचा पुढचा पोशिंदा, आणि मेंढ्या चरायच्या वेळी ती तिथेच असते. ऊन तापलं की पकड सुटते आणि मुंगी कामाला लागते. भर उन्हात टोकावर राहिली असती तर वाळून मेली असती, आणि तिच्यातले कृमीही.

अशी उदाहरणं सांगताना ‘कृमी मेंदूचा ताबा घेतो’ अशी भाषा वापरली जाते. ती जपून वापरावी. कृमी काही ठरवत नाही. ज्या कृमींच्या असण्याने पोशिंदा योग्य त्या भक्षकाला थोडा जास्त सापडला, त्यांची संतती जास्त उरली. लाखो पिढ्या हे होत राहिलं. त्याचा परिणाम आज आपल्याला हेतूसारखा दिसतो.

बेडकांच्या बाबतीत परिणाम वागण्यावर नव्हे, शरीराच्या घडणीवरच होतो. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शाळकरी मुलांना एका तळ्याकाठी जादा पाय असलेले, पाय नसलेले बेडूक मोठ्या संख्येने सापडले आणि देशभर खळबळ उडाली. कीटकनाशकं, अतिनील किरणं असे अनेक संशयित होते. १९९९ मध्ये पीटर जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिलं की रायबेरोइया या पर्णाभ कृमीच्या सर्केरिया बेडूकमाशाच्या पाय फुटण्याच्या जागी घुसल्या की तशीच व्यंगं निर्माण होतात. लंगडा बेडूक बगळ्याच्या तावडीत सहज सापडतो. यात माणसाचाही वाटा आहे. शेतातलं खत तळ्यात उतरलं की शेवाळ वाढतं, शेवाळावर गोगलगायी पोसतात, आणि गोगलगायी वाढल्या की सर्केरियाही वाढतात.

माशाएवढा कृमी

पट्टकृमींमध्ये स्किस्टोसेफॅलसकडे जरा निवांत पाहू या. त्याची वाट पाण्यातल्या इवल्या कवचधारी कोपेपॉडपासून सुरू होते, तिथून स्टिकलबॅक माशात आणि मग मासे खाणाऱ्या पक्ष्यात. कोपेपॉडमध्ये असताना अळीला तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्या काळात कोपेपॉड नेहमीपेक्षा शांत राहतो, म्हणजे माशाच्या नजरेत कमी येतो. अळी तयार झाली की त्याच्या हालचाली वाढतात.

स्टिकलबॅकच्या पोटाच्या पोकळीत अळी भराभर वाढते. बहुतेक पट्टकृमी शेवटच्या पोशिंद्यात वाढतात. हा आपली जवळजवळ सगळी वाढ माशातच उरकतो. पाच-सहा सेंटिमीटरच्या माशाचं फुगलेलं पोट उघडलं तर आत पांढरी, रुंद, आडव्या रेषा असलेली फीत घड्या घालून भरलेली असते. आतडी आणि यकृत एका कडेला दाबलेलं. कधीकधी आतल्या कृमींचं एकूण वजन माशाच्या स्वतःच्या वजनाच्या जवळ जातं. मासा पोहतो तो पृष्ठभागालगत, सावली पडली तरी दचकत नाही, आणि प्रयोगांत असं दिसलं आहे की तो उबदार पाणी पसंत करतो, जिथे कृमी आणखी वेगाने वाढतो. पक्ष्याने त्याला गिळलं की सुमारे ४० अंश सेल्सियसच्या उबेत कृमी एक-दोन दिवसांत प्रौढ होतो, अंडी घालतो आणि फार तर दोन आठवड्यांत संपतो. इतक्या लांबच्या तयारीनंतर प्रौढपण एवढंच.

माणसाला माशातून होणारा रुंद पट्टकृमी, डिफिलोबॉथ्रियम लेटम, याच वाटेचा प्रवासी आहे: कोपेपॉड, मासा, आणि पक्ष्याऐवजी माणूस, अस्वल किंवा कुत्रा. १९१७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये यानिकी आणि रोझेन यांनी त्याची साखळी पूर्ण केली. तो दहा मीटरपर्यंत वाढतो, दिवसाला दहा लाखांपर्यंत अंडी घालतो आणि वर्षानुवर्षं जगतो. पुष्कळांना काहीही त्रास होत नाही. पण तो पोशिंद्याच्या अन्नातलं ब-१२ जीवनसत्त्व ओढून घेतो, आणि एके काळी फिनलंडमध्ये त्यामुळे होणारा रक्तक्षय डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा होता.

माणसापर्यंत आलेली वाट

१८७४ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेज रुग्णालयात जेम्स मॅककॉनेल यांनी एका चिनी सुताराचं शवविच्छेदन केलं. त्याच्या यकृताच्या पित्तनलिकांमध्ये पानाच्या आकाराचे कृमी खच्चून भरलेले होते. पुढच्या वर्षी त्यांनी हे प्रसिद्ध केलं. हाच आज क्लोनॉर्किस सायनेन्सिस नावाने ओळखला जाणारा चिनी यकृतकृमी. पण तो माणसात आला कसा? माशातून येतो हे जपानमध्ये कोबायाशी यांनी १९१० च्या सुमारास दाखवलं, आणि आधीचा मुक्काम कोणत्या गोगलगायीत हे मुतो यांनी १९१८ मध्ये. कृमी हाती लागल्यापासून त्याची वाट कळायला चार दशकांहून जास्त काळ गेला, आणि तोवर ‘काय टाळा’ हे सांगण्याची सोयच नव्हती.

त्याचा जवळचा नातलग ऑपिस्थॉर्किस विव्हेरिनी थायलंडच्या ईशान्य भागात आणि लाओसमध्ये आढळतो. तिथे गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाण्याची जुनी रीत आहे. कृमी पित्तनलिकेत वर्षानुवर्षं राहतात, चूषकांनी आतलं अस्तर सोलतात, जखमा होत राहतात, सूज हटत नाही. शिवाय हा कृमी पेशींच्या वाढीला चालना देणारं एक प्रथिन स्वतः स्रवतो. यातून पित्तनलिकेचा कर्करोग होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने विव्हेरिनीला १९९४ मध्ये आणि क्लोनॉर्किसला २००९ मध्ये माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या गटात टाकलं. पित्तनलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक कुठे असेल तर याच ईशान्य थायलंडमध्ये.

औषध आहे. १९७० च्या दशकात आलेलं प्राझिक्वान्टेल कृमीच्या पेशींत कॅल्शियमचा लोंढा सोडतं. त्याचे स्नायू आखडतात आणि ते जिवंत आवरण फाटतं. बहुतेक पर्णाभ कृमी आणि पट्टकृमींवर ते चालतं, फॅसिओलावर मात्र चालत नाही; त्याला ट्रायक्लाबेंडाझोल लागतं. पण गोळीने बरा झालेला माणूस पुन्हा तोच कच्चा मासा खातो आणि कृमी परत येतात. विष्ठा पाण्यात जाते, गोगलगायी तिथेच असतात, मांजरं आणि कुत्रीही हाच कृमी पोसतात. वाट तशीच उघडी राहिली तर औषध एका माणसापुरतं एका वेळेचं ठरतं.

खाणाऱ्यासाठी नियम सोपा आहे. मासा आतपर्यंत ६३ अंश सेल्सियसला शिजला की त्यातल्या अळ्या मरतात. सुरुवातीला सांगितलेले काळे ठिपके असलेला मासाही नीट शिजवला तर खायला हरकत नाही. कच्चा खायचाच असेल तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक उणे २० अंशांत सात दिवस गोठवण्याचा आहे, आणि घरातला फ्रीजर तेवढा थंड होतोच असं नाही. लिंबाचा रस, व्हिनेगर, थोडं मीठ यांनी मासा ‘शिजल्यासारखा’ पांढरा होतो, अळ्या मात्र जिवंत राहू शकतात. या एका गैरसमजापायी लोक आजारी पडतात, म्हणून ते ठासून सांगायला हवं. कल्ल्यांवरचे मोनोजेनिया मात्र माणसाला काही करत नाहीत.

काही कृमींना मासाही लागत नाही. शिस्टोसोमा या पर्णाभ कृमीची सर्केरिया पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून थेट आत जाते. याचे प्रौढ कृमी रक्तवाहिन्यांमध्ये राहतात, इथे नर आणि मादी वेगळे असतात, आणि नराच्या शरीरावरच्या लांब खाचेत मादी कायम वस्ती करते. थिओडोर बिलहार्झ यांना ते १८५१ मध्ये कैरोत सापडले. जपानमध्ये याच वंशातल्या एका जातीने भातशेती करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ग्रासलं होतं: पोट फुगायचं, यकृत निकामी व्हायचं. १९१३ मध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी मधली गोगलगाय शोधून काढली आणि लढाईला दिशा मिळाली. गोगलगायी वेचल्या, मारल्या, पाटांना सिमेंटचं अस्तर दिलं म्हणजे काठच्या चिखलात त्यांना राहायला जागाच उरू नये. माणसांवर उपचार चालूच होते. सर्वाधिक झळ सोसलेल्या यामानाशी प्रांताने १९९६ मध्ये रोग संपल्याचं जाहीर केलं. साखळीतला एक दुवा नीट ओळखून तो चिकाटीने तोडला तर काय होतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

किती आहेत, आणि असले तर काय?

कृमी दिसत नाहीत म्हणून नगण्य आहेत असं आपण धरून चालतो. आर्मंड क्युरिस आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया आणि बाहा कॅलिफोर्नियातल्या तीन खाड्यांमधल्या जिवांचं वजन मोजलं आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. तिथल्या परजीवींचं एकूण वजन अन्नसाखळीच्या टोकावर बसलेल्या भक्षकांपेक्षा जास्त भरलं. गोगलगायींमधून वर्षभरात पाण्यात सुटणाऱ्या पर्णाभ कृमींच्या पोहणाऱ्या अळ्यांचंच वजन तिथल्या पक्ष्यांपेक्षा जास्त होतं. या अळ्या सगळ्याच पुढच्या पोशिंद्यापर्यंत पोचत नाहीत. पुष्कळशा लहान माशांचं आणि पाण्यातल्या इतर जिवांचं खाद्य होतात.

आणि जिथे वाट लांब, तिथे प्रत्येक मुक्कामावर कुणीतरी जिवंत असावं लागतं. गोगलगाय, मासा, पक्षी यांतलं एक जरी नाहीसं झालं तरी कृमी संपतो. कॅलिफोर्नियातल्या कार्पिन्टेरिया इथल्या खाऱ्या दलदलीत याचा उपयोग करून घेतला गेला. बिघडलेल्या भागांत दलदल पुन्हा उभी करण्याचं काम झालं, आणि सुधारणा होते आहे की नाही हे बघण्यासाठी टॉड हस्पेनी आणि केव्हिन लॅफर्टी यांनी गोगलगायी उघडून त्यांतले पर्णाभ कृमी मोजले. सुधारण्याआधी त्या भागांतल्या गोगलगायींत कृमी कमी होते, जातीही कमी. सहा वर्षांत लागण झालेल्या गोगलगायींचं प्रमाण सुमारे चौपट झालं आणि कृमींच्या जाती दुप्पट झाल्या. तुलनेसाठी घेतलेल्या, आधीपासून चांगल्या असलेल्या भागांत तेवढ्या काळात काही बदल दिसला नाही. पक्षी परतले होते, आणि ते परतल्याची नोंद गोगलगायींच्या पोटात आपोआप झाली होती.